सांगलीत समकालीन कला महोत्सव, तोही मंदीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक समकालीन कला महोत्सव भरवावा, अशी बोलणी आम्ही काही मंडळींनी सुरू केली आहेत. बैठकांमध्ये, चहाच्या टपरीवर आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे खरोखर बोलण्यासारखे आहे.

लोकांच्या ठेवी अडकल्यात, गिरण्या बंद आहेत. अशा वेळी महोत्सव कशाला?

हा प्रश्न पहिल्यांदा यायलाच हवा. एकेकाळी सहकाराचे गाव म्हणून मिरवलेल्या या जिल्ह्यात सूतगिरण्यांना टाळे लागले, काही सहकारी बँका बुडाल्या आणि निवृत्त माणसांचे पैसे त्यात गेले. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी पेठेतल्या दुकानदाराला पुन्हा पुन्हा शून्यावर आणले. महोत्सवाने यातले काही भरून निघणार नाही. तसे कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तरीही तो करावा असे आम्हाला वाटते, आणि त्याचे कारण पैशाशीच जोडलेले आहे. सुतार, वेल्डर, रंगारी, इलेक्ट्रिशियन, मांडववाले, छपाईवाले, टेम्पोवाले, खानावळी चालवणाऱ्या बायका या सगळ्यांना काही आठवडे नीट दराचे आणि वेळेवर पैसे देणारे काम मिळू शकते. ज्या शहरात थकबाकी हीच रीत झाली आहे, तिथे सगळ्यांचे पैसे चुकते करून दाखवणे हे आमच्या लेखी मोठे काम आहे. म्हणून आम्ही एक अट स्वतःवर घातली आहे: उद्घाटनाच्या आधी सगळ्यांची बिले आणि मानधन चुकते झालेले असेल, आणि समारोपानंतरची आवराआवरीची रक्कम बँकेत बाजूला ठेवलेली असेल. ती जमली नाही तर महोत्सव लहान करू. तरीही जमली नाही तर पुढे ढकलू.

या गावाला हा पेच नवा नाही. 1843 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभे केले, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि संस्थानचा आधार तुटला. नटमंडळी होती, सोंगे होती, खर्च होता, पैसा देणारे कुणी नव्हते. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा धंदा उभा राहिला तो आश्रय आटल्यावर. यावरून हलाखीत कला फुलते असा अर्थ मात्र काढू नये. त्या मंडळींनी जी ओढाताण सोसली ती सोसावी लागायला नको होती.

जगात असे कुठे झाले आहे का? काय निष्पन्न झाले?

बऱ्याच ठिकाणी झाले आहे. आम्ही तीन गावांकडे नीट पाहिले.

जर्मनीतले कासेल दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने भाजून निघाले. तिथे 1955 मध्ये आर्नोल्ड बोडे या चित्रकार-शिक्षकाने पडझड झालेल्या फ्रिडेरिचियानुम या जुन्या संग्रहालयातच प्रदर्शन भरवले. त्याचे नाव डॉक्युमेंटा. आज ते जगातल्या मोठ्या कला प्रदर्शनांपैकी एक आहे आणि दर पाच वर्षांनी त्या मध्यम आकाराच्या गावाला हॉटेले, टॅक्सी आणि दुकाने भरून देते. पण त्याला लागलेली दशके लक्षात घ्या, आणि युद्धोत्तर जर्मनीत पुनर्बांधणीचा पैसा येत होता हेही.

दुसरे अथेन्स. 2015 च्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि माणसाला दिवसाला 60 युरोपेक्षा जास्त रोकड काढता येईना. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल 2017 मध्ये, डॉक्युमेंटाने आपले चौदावे प्रदर्शन अथेन्समध्ये सुरू केले आणि जूनपासून कासेलमध्येही. हेतू चांगला होता: अथेन्सकडून शिकायचे. पण तिथल्या भिंतींवर त्याच्या विरोधातल्या घोषणा रंगल्या. पाहुणे आमचे दारिद्र्य बघायला आले आहेत, ‘संकट-पर्यटन’ चालले आहे, अशी टीका झाली. शेवटी प्रदर्शन तोट्यात गेले आणि कासेल शहर व हेसन राज्याला हमी देऊन ते सावरावे लागले. याच अथेन्समध्ये स्थानिक मंडळींचा एक द्वैवार्षिक कला महोत्सव 2007 पासून चालू होता. त्यांनी 2013 ची आवृत्ती जुन्या शेअर बाजाराच्या रिकाम्या इमारतीत भरवली आणि एका क्युरेटरच्या, म्हणजे कलाकृती निवडून मांडणाऱ्याच्या, हाती सूत्रे न देता बऱ्याच जणांनी मिळून ती रचली. बाजार कोसळलेल्या देशात शेअर बाजाराच्या सभागृहात जमून, आता काय करायचे, यावर बोलणे! आम्हाला धडा घ्यायचा आहे तो या दुसऱ्या प्रयोगाचा.

तिसरे कोची, आपल्याला सगळ्यांत जवळचे. 12 डिसेंबर 2012 रोजी, म्हणजे 12-12-12 ला, बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन कलाकारांच्या पुढाकाराने कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारा कला महोत्सव, सुरू झाली. फोर्ट कोचीतली मसाल्याची जुनी गोदामे आणि अ‍ॅस्पिनवॉल हाउस हेच प्रदर्शनाचे दालन. केरळ सरकारने पैसे घातले. रिक्षावाले पर्यटकांना कलाकृतींची माहिती सांगू लागले. पण 2022 मध्ये उद्घाटन आदल्या दिवशी पुढे ढकलावे लागले आणि पन्नासहून अधिक सहभागी कलाकारांनी व्यवस्थापनावर टीका करणारे खुले पत्र लिहिले. उत्तम कल्पना, उत्तम जागा, तरी व्यवस्थापन कोलमडले की कलाकार ताटकळतो. आमच्या ‘आधी पैसे चुकते’ या अटीचे एक मूळ तिथे आहे.

सांगलीत हे कुणाला कळणार?

मिरजेत अनंत चतुर्दशीला विसर्जन मार्गावर ज्या स्वागत कमानी उभ्या राहतात त्या बघितल्या आहेत ना? रस्ता व्यापणारी, काही दिवसांसाठी बांधलेली, रंगवलेली आणि मग उतरवलेली रचना. तिच्याखालून चालताना लोक मान वर करून बघतात, नावे ठेवतात, दुसऱ्या कमानीशी तुलना करतात. गणपतीच्या देखाव्यांत इथल्या मंडळांनी राजकारणापासून दुष्काळापर्यंत काय काय मांडले आहे. तात्पुरती, जागेला धरून केलेली, विषयावर बोलणारी कला लोकांना परकी नाही. आर्ट गॅलरीचे दार परके आहे, कारण ते उघडून आत गेल्यावर कुणी बोलतच नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी मराठीत आणि जमेल तिथे कन्नडमध्येही बोलू शकणारा माणूस उभा असेल. तो पगारी असेल.

बाजूच्या सातारा जिल्ह्यात औंधला जाऊन या. 1938 मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी त्या आडगावच्या टेकडीवर संग्रहालय उभे केले. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे तिथे यमाईच्या दर्शनाला आलेली माणसे जाता जाता बघतात.

जागा कोणत्या?

नाट्यगृहे आहेतच. सांगलीतले विष्णुदास भावे नाट्यमंदिर आणि मिरजेतले बालगंधर्व नाट्यगृह भाषणे आणि प्रयोगांसाठी डोळ्यांसमोर आहेत. कृष्णेचा घाट आणि आयर्विन पुलाच्या बाजूची मोकळी जागा संध्याकाळच्या कामांसाठी. मार्केट यार्डातले एखादे रिकामे गोदाम मिळाले तर सगळ्यांत मोठी कामे तिथे. यार्डात माल चढवणे-उतरवणे नोंदणीकृत माथाडी हमालांकडे असते. आपली पोरे घेऊन जाऊन परस्पर पेट्या उतरवायच्या नाहीत. हमाली ठरवून, पावती घेऊन द्यायची.

सगळ्यांचा जीव अडकतो तो हरिपूरच्या पेवांत. हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेली ही कोठारे: तोंड माणूस उतरेल एवढेच, आत पोट मात्र प्रशस्त. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षे टिकायची. 2005 च्या पुराने पेवांमध्ये पाणी शिरले, पुष्कळ निकामी झाली आणि व्यापारी गोदामांकडे वळले. प्रत्येक बाहेरचा कलाकार पहिल्याच दिवशी विचारतो, आत उतरून काही करता येईल का? आमचे उत्तर नाही असे आहे. बंद पेवात प्राणवायू कमी असतो. जाणते लोकही झाकण काढून हवा खेळू दिल्याशिवाय आत पाय घालत नाहीत. त्या तोंडातून प्रेक्षकांची रांग उतरवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. पेवाच्या तोंडाशी बसून, ज्यांनी हळद भरली आणि काढली त्या माणसांकडून ऐकावे, आतला आवाज ध्वनिमुद्रित करावा, वरून दिवा सोडून पाहावे. एवढ्यानेही खूप होते.

बंद गिरणीची इमारत वापरायची का, यावर आमच्यात एकमत नाही. माझे मत सांगतो. ज्या कामगारांची देणी अजून लटकली आहेत त्यांच्या फाटकातून आत जाऊन आपण गंजलेल्या यंत्रांवर सुंदर प्रकाशयोजना करू नये. आधी त्या कामगारांशी बोलावे. त्यांनी हो म्हटले आणि काय मांडायचे हे ठरवण्यात त्यांचा वाटा असला, तरच.

महोत्सव कधी?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पावसाळा बादच: आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. ऑक्टोबर दिवाळीत जातो. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, त्या दिवशी गावाचे लक्ष नाटकाकडे असते आणि असावे. जानेवारीनंतर हळदीचे सौदे वाढतात, यार्डात पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात उसाचा हंगाम जोरात असतो, ही एक अडचण उरतेच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री जातात त्या रस्त्यांवर एकही कमान किंवा शिल्प उभे करणार नाही.

पैसे कुठून आणणार?

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरचे नाव सगळे घेतात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातले एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती येते. इथपर्यंत सगळे खूश होतात. पण केंद्र सरकारने 2014 मध्येच खुलासा केला आहे की एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येत नाहीत, आणि जाहिरातीच्या मोबदल्यात दिलेले प्रायोजकत्वही चालत नाही. म्हणजे कमानीवर कंपनीचे नाव झळकवून ते सीएसआरखाली दाखवता येणार नाही. वर्षभर चालणारे काम, उदाहरणार्थ कारागिरांच्या मुलांसाठी प्रशिक्षण किंवा पारंपरिक कलांची नोंद, त्यात बसू शकते. ते करण्यासाठी नोंदणीकृत न्यास लागतो आणि त्याची सीएसआरसाठी वेगळी नोंदणीही लागते. आम्ही न्यासाची कागदपत्रे धर्मादाय आयुक्त कार्यालयासाठी तयार करतो आहोत.

बाकी मार्ग जुनाच आहे: वर्गणी. गणेशोत्सव आणि नाटके याच पैशावर चालत आली. फरक एवढाच की पावती पक्की असेल, आणि दर शनिवारी जमा-खर्च कार्यालयाच्या दारावर लावला जाईल. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयनेच द्या. वस्तूही घेऊ: बांबू, पत्रे, जुने सागवान, गोदामाचे भाडे माफ, बाहेरच्या कलाकारांना घरी राहायला एक खोली. ज्या दुकानदाराचा पुरानंतर काढलेल्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे त्याच्याकडे आम्ही पावतीपुस्तक घेऊन जाणार नाही.

कर्ज काढणार नाही.

कलाकारांना मानधन मिळेल?

हो, प्रत्येकाला, आणि तिसरा हिस्सा आगाऊ. काम उभे करण्याचा खर्च मानधनातून कापला जाणार नाही. मुंबईहून आलेल्याला आणि कुपवाडच्या पोराला एकच दर. ‘नाव होईल’ हे मानधन नाही.

मिरजेच्या वाद्यकारागिरांना यात काय?

सतारमेकर गल्लीत एकदा दुपारी जा. वाळवलेले भोपळे टांगलेले असतात, त्यांतले पुष्कळ पंढरपूरच्या बाजूचे. एखादा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत असतो, एक दोरा तारेखाली सरकवतो, छेडतो, पुन्हा कानस. जवारी लागेपर्यंत, म्हणजे तारेतून भरदार गुंजणारा स्वर निघेपर्यंत, हे चालते. बघणाऱ्याला काही घडत नाही असे वाटते आणि अचानक स्वर उघडतो. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तो व्यवसाय बसला तसे ते वाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला, पण इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने बाजार खाल्ला आहे आणि नव्या पोरांना घरात थांबवणे अवघड झाले आहे.

या कारागिरांना मंचावर बसवून प्रात्यक्षिक करायला लावायचे आणि शाल-श्रीफळ देऊन पाठवायचे, हे आम्हाला करायचे नाही. प्रत्येक कारागीर-कलाकार जोडीला एक नवे काम करण्यासाठी वेळ आणि पैसा मिळेल. नाव दोघांचे लागेल, कारागिराचे आधी. तयार होणारी वस्तू वाजलीच पाहिजे असे बंधन नाही. ती विकली तर किंमत कारागिराने ठरवायची.

पुरावर कलाकृती असतील का?

असतील, पण नियम कडक आहेत. मारुती चौकात, गावभागात, सांगलीवाडीत भिंतींवर पाण्याच्या रेषा अजून दिसतात. त्या रेषा कुणाच्या तरी घराच्या आहेत. त्यांचा फोटो लावण्याआधी त्या घरच्यांची परवानगी घ्यायची. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्यांच्या घरच्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय बोटीचे कोणतेही शिल्प या महोत्सवात नसेल. पुराचा नकाशा, धरणातल्या विसर्गाचे आकडे, नदीपात्रातली बांधकामे यांवर मात्र कलाकारांनी जरूर बोलावे. ते राजकीय होईल असे काही जण म्हणतात. होऊ दे.

तिकीट आहे का?

घाट, रस्ते, गोदाम सगळ्यांना मोफत. नाट्यगृहातल्या प्रयोगांना तिकीट असेल, कारण तिथल्या नटांना आणि तंत्रज्ञांना पैसे द्यायचे आहेत आणि फुकट पास वाटायची सवय गावाला लागलेली बरी नाही. विद्यार्थी, हमाल आणि ऊसतोड कामगार यांना सवलत.

परवानग्या?

महापालिका, पोलीस, अग्निशमन, घाटासाठी पाटबंधारे विभाग. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. नाट्यप्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. कलाकारांनी संहिता ऑगस्टपर्यंत द्यावी, नंतर आलेली पुढच्या वर्षी.

एखाद्या कामावरून वाद झाला तर?

काम उतरवा अशी मागणी आली तर आधी कलाकाराला आणि मागणी करणाऱ्याला त्या कामासमोर उभे करून बोलायला लावू. भीतीपोटी रातोरात काम झाकणार नाही. कायद्याने किंवा पोलिसांच्या लेखी आदेशाने थांबवावे लागले तर तो आदेश त्या जागी लावू.

महोत्सव संपल्यावर कलाकृतींचे काय होते?

ज्या उरायच्या आहेत त्यांच्या देखभालीचा करार आधीच होईल. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे भव्य शिल्प 1979 मध्ये नूतनीकरणात काढून गोदामात टाकले गेले. त्यांनी खटला लढवला आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, काम विकले तरी कलाकाराचा त्यावरचा नैतिक हक्क उरतो, असा निकाल देऊन उरलेले भाग परत करायला आणि भरपाई द्यायला सांगितले. त्यामुळे चौकात काही कायमचे उभारायचे असेल तर ते कोण पुसणार, कोण रंगवणार आणि काढायचे झाल्यास कलाकाराला कधी कळवणार, हे महापालिकेशी कागदावर ठरेल. बाकी सगळी रचना उतरवून लाकूड, पत्रे, कापड शाळा आणि मंडळांना वाटले जाईल. फ्लेक्स अजिबात वापरणार नाही. फलक हाताने रंगवले जातील, कारण ते रंगवणारे पेंटर या गावात अजून आहेत आणि त्यांना काम नाही.

मी सुतार आहे. कलाबिला समजत नाही. काम मिळेल?

मिळेल. सुतार, वेल्डर, पेंटर, शिंपी, वायरमन यांची नोंदणी दसऱ्यापासून सुरू होईल. आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि केलेल्या एक-दोन कामांचे फोटो आणा. रोजंदारी गावातल्या चालू दराने, रात्रीच्या कामाला जादा, पैसे दर शनिवारी खात्यावर. कलाकार काय सांगतोय ते कळले नाही तर त्याला पुन्हा विचारा. त्याच्या रेखाटनात चूक दिसली, सांधा टिकणार नाही असे वाटले, तर तेही सांगा. तुमचे नाव फलकावर लागेल.